मजुरी थकली आहे आणि याकोबाचा पाचवा अध्याय पाठ सोडत नाही

बेदाणेवाली (मिरज)

सगळ्यांना सलाम. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मिरजेत बेदाणा निवडून द्यायचं काम घेते. स्वतःची बाग नाही की शेड नाही. तासगाव-सांगलीच्या व्यापाऱ्यांचा माल कोल्ड स्टोरेजमधून येतो. आम्ही काड्या, देठ, काळा दाणा, फुटका दाणा बाजूला काढतो, लहान-मोठा वेगळा करतो आणि पेट्या भरून परत देतो. हाताखाली नऊ बायका आहेत. मला व्यापारी किलोवर देतो, मी बायकांना रोजावर देते, दर शनिवारी.

दिवाळीआधी काम इतकं होतं की रात्री आठपर्यंत बसलो. दिवाळी झाली आणि सगळ्यात मोठं बिल एका व्यापाऱ्याकडे अडकलं. फोन केला की "सोमवारी बघू". कुठला सोमवार ते सांगत नाही. आधी मी घरातले घातले, मग तेही संपले. आता शनिवारी बायकांच्या हातावर निम्मीच मजुरी ठेवते. त्या भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अशात बुधवारी आमच्या गल्लीत कॉटेज मीटिंग (घरगुती प्रार्थनासभा) झाली आणि पाळकसाहेबांनी नेमका बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घेतला. शेतं कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणाऱ्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानावर गेल्या आहेत. साहेबांना माझं काहीच माहीत नव्हतं. ते मोठ्या बागायतदारांबद्दल, कारखानदारांबद्दल बोलत होते. सगळे माना डोलावत होते, मी सतरंजीची किनार बघत होते. इथे नुसते मजूर ओरडत नाहीत, मजुरीसुद्धा ओरडतेय. म्हणजे माझ्या बायका गप्प बसल्या म्हणून मी सुटले असं नाही.

तेव्हापासून रात्री दोन-अडीचला जाग येते.

आता खरा प्रश्न. मी ज्याला-ज्याला हे सांगते तो मला एक वचन देतो. नणंदेने उगवत्या सूर्याच्या फोटोवर मत्तय सहा पाठवलं, आकाशातल्या पाखरांकडे पाहा, ती पेरत नाहीत, कापत नाहीत. (त्या पाखरांना स्वर्गीय बाप खायला घालतो हे मला चांगलं माहीत आहे, तो आमच्याच शेडवाल्यांच्या बेदाण्यातून घालतो. जाळी लावून लावून जीव जातो त्यांचा.) नवरा म्हणतो फिलिप्पै चार वाच, कशाचीही चिंता करू नका. तो हॉस्पिटलात एक्स-रेला आहे, त्याचा पगार एक तारखेला खात्यात पडतो. महिला मंडळातल्या काकूंनी रोम आठ सांगितलं, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतात.

वचनं खरी आहेत, त्यावर माझा वाद नाही. पण वचन दिलं की देणाऱ्याचं काम संपतं, असं का वाटतं? माझ्याकडच्या एकीचा मायक्रोफायनान्सचा हप्ता असतो. तो वसुलीवाला पोरगा पैसे मिळेपर्यंत गटातल्या सगळ्या बायकांना बसवून ठेवतो. तिला मी पाखरांकडे बघ म्हणू?

दोन्ही वचनं एकाच पुस्तकातली. एक झोपायला सांगतं, दुसरं झोपू देत नाही. दुसऱ्याची मजुरी माझ्याकडे थकलेली असताना मी पहिल्याने स्वतःची समजूत घालून घ्यायची का? तुम्ही काय करता?

कृपा करून फक्त "प्रार्थना करा" लिहू नका. ती चालूच आहे.

---

हिशेबनीस (तासगाव)

ताई, मी ख्रिस्ती नाही. बेदाण्याच्या धंद्यात हिशेब लिहितो म्हणून बोलतो. राग मानू नका, पण हा शास्त्राचा प्रश्न नाही, खेळत्या भांडवलाचा आहे.

तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आधी करा, ऑनलाइन होते, फी नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर काम घेणाऱ्याने १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. पुढे गेला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय २०२३ मध्ये आयकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४३ब मध्ये भर पडली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत व्यापाऱ्याला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. व्यापाऱ्याला देवाचं भय नसेल, पण सीएचं असतं. मार्चच्या आधी त्याला हे गोड आवाजात सांगा.

नोंदणीआधीच्या बिलाला हा कायदा लागतो का, यावर भांडणं होतात. पण पुढच्या मालासाठी तरी कागद करून ठेवा. आणि यापुढे माल उतरवतानाच निम्मे पैसे मागा. नाही म्हणाला तर पेट्या परत.

आणि एक. आमच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण ती त्यांना येणं असलेली होती. देणं असलेले कागद कुणी बुडवत नाही.

---

बेदाणेवाली (मिरज)

दादा, राग कसला. उद्यमचं आजच बघते. शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो हसला.

पण मार्च लांब आहे आणि शनिवार परवा आहे.

---

निवृत्त सिस्टर (मिरज)

बाळ, मी आयुष्यभर वॉर्डात काढलं, जास्त करून रात्रपाळी. तुझ्या "देणाऱ्याचं काम संपतं" यावर मला बोलायचंय.

नवीन होते तेव्हा कुणीही फार आजारी असलं की मी तेविसावं स्तोत्र काढायची. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. एका रात्री कर्नाटकाकडून आलेले एक म्हातारे, आपलेच, मंडळीतले, मी पान उघडताच म्हणाले, "सिस्टर, ते नको, ते माती द्यायला वाचतात." मला हसू आवरेना आणि रडूही. खरंच होतं की. त्यांनी ते स्तोत्र फक्त कबरस्तानात ऐकलेलं, त्यांना वाटलं डॉक्टरांनी आशा सोडली. मग एकशे एकविसावं वाचलं, मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो. ते चाललं. सकाळी चहा मागितला.

वचन तेच, पण कुणाला, कुठे, कुठल्या वेळी, हे बघावं लागतं. औषधाला जसं रिकाम्या पोटी की जेवणानंतर असतं तसं. तुझी नणंद चुकीचं वचन देत नाहीये, ती न बघता देतेय.

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बघ. आले, त्याची दशा पाहून मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द बोलले नाहीत. पुस्तकभर त्यांनी केलेलं चांगलं काम एवढंच. नंतर तोंड उघडलं आणि अध्यायच्या अध्याय इतकी धार्मिक वाक्यं बोलले की शेवटी देवालाच म्हणावं लागलं, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत.

आणि तुला रात्री जाग येते तेव्हा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढ. बहुतेक रडगाण्याची स्तोत्रं शेवटी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे. हे वळत नाही. अंधारातच संपतं. मला ते का बरं वाटतं सांगता येत नाही, पण पहाटे तीनच्या वॉर्डात तेच खरं वाटायचं. शास्त्रात असंही ठेवलंय म्हणजे देवाला असंही बोललेलं चालतं.

शनिवारसाठी किती कमी पडतात ते मला खासगीत लिही. पेन्शन येते माझी. दान नाही, उसने. परत घेणार.

---

गावभागकर (सांगली)

सिस्टरांचं वाचून लिहायला धीर आला.

२०१९ च्या ऑगस्टात आमचं घर गेलं. म्हणजे उभं आहे, पण तळमजला पूर्ण पाण्यात होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही विश्रामबागला मेव्हण्याकडे बसून मोबाईलवर आपलीच गल्ली बघत होतो. त्या आठवड्यात मला यशया ४३ इतक्या लोकांनी पाठवलं की मोजदाद नाही. तू जलांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत. एक फॉरवर्ड पुण्यातून, एक दुबईतून. मी मेव्हण्याला म्हणालो, यांना कुणी सांगा रे, बुडवलंय.

तेव्हा मला धरून ठेवलं ते एकोणसत्तराव्या स्तोत्राने. हे देवा, मला तार, पाणी माझ्या गळ्याशी आलंय. आणि पुढच्याच ओळीत चिखल आहे. मी खोल चिखलात रुतलोय, पाय टेकायला जागा नाही. पुराबद्दल सगळे पाण्याचं बोलतात. पाणी उतरलं की टीव्हीवाले जातात. राहतो तो चिखल. फ्रिजमध्ये चिखल, पोराच्या दप्तरात चिखल, आईच्या जुन्या पवित्र शास्त्राची पानं एकमेकांना चिकटलेली. ते स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दाविदाला चिखल माहीत होता यानेच मला निम्मा दिलासा मिळाला.

त्या स्तोत्रात पुढे शत्रूंना शिव्याशापही आहेत, बऱ्यापैकी कडक. चर्चमध्ये ते भाग गाळून वाचतात. मी गाळले नाहीत. आमच्या दारात उभं राहून फोटो काढून गेलेल्यांची नावं घालून वाचले. बायको म्हणाली असं चालतं का? मी म्हटलं, देवाला सांगतोय, त्यांच्या तोंडावर थोडंच सांगतोय.

यशया ४३ अजून मला नीट वाचता येत नाही. खोटं आहे असं म्हणत नाही. पण ज्यांनी चिखल काढायला फावडं हातात घेतलं त्यांच्यापैकी कुणीच ते मला पाठवलं नव्हतं, एवढं लक्षात राहिलंय.

---

बायबल वर्गवाला (सातारा)

मी साताऱ्यात तरुणांचा बायबल वर्ग घेतो. हिशेबनीस दादांचा सल्ला शंभर टक्के घ्या, पण "हा शास्त्राचा प्रश्न नाही" हे मला मान्य नाही. मजुरी कधी द्यायची हा शास्त्राचा अगदी आवडता प्रश्न आहे.

लेवीय १९ मध्ये म्हटलंय, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा त्याच अध्यायात, चार-पाच ओळींनी पुढे. आपण ती फलकावर रंगवतो, मजुरीची ओळ कुणी रंगवत नाही. त्याच अध्यायात द्राक्षमळ्याचंही आहे, खाली गळालेली द्राक्षं वेचू नको, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय त्याहून पुढे जातो. मजूर आपला असो की तुझ्या गावात राहणारा परका, सूर्य मावळायच्या आत त्याची मजुरी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. नाहीतर तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील आणि तुला पाप लागेल. याकोब हेच जुनं नियमशास्त्र मनात ठेवून बोलतोय.

मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा धनी आठवा. संदेशात सगळे सांगतात की तो किती उदार, शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दीनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी. मला वर्गात शिकवताना दुसरंच कौतुक वाटतं. संध्याकाळ झाल्याबरोबर त्याने कारभाऱ्याला मजूर बोलवायला सांगितलं आणि कारभाऱ्याकडे पैसे तयार होते! आमच्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या हंगामात हे ऐकवलं की पोरं हसतात.

आता पाखरांबद्दल. ते वचन वरून पडलेलं नाही. त्याच्या बरोबर आधी येशू म्हणतो, देवाची आणि धनाची अशी दोघांची चाकरी करता येत नाही. आणि ऐकणारी माणसं रोजची भाकर रोज मागणारी होती. कोठारं भरलेल्याने हे वचन कोठार नसलेल्याला पाठवलं तर अर्थ उलटा होतो.

शेवटी, ताई, थोडा तुमच्या बाजूने. याकोब ज्यांना झापतोय ते चैनीत राहून मजुरी बुडवणारे धनिक आहेत. तुम्ही त्यांच्यात बसत नाही. व्यापाऱ्याकडे अडकलेलं बिल ही तुमचीही मजुरीच आहे. त्या ओरडणाऱ्या मजुरीत तुमचीही आहे. तेवढा दिलासा तुम्ही त्याच वचनातून घ्या, मत्तय सहाची गरज नाही.

---

बेदाणेवाली (मिरज)

सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा.

सातारकर भाऊ, तुमचा शेवटचा परिच्छेद मला गोड लागला म्हणूनच मी जरा थांबले. व्यापाऱ्याने माझे अडवले हे खरं. पण माझ्या बायका व्यापाऱ्याला ओळखतच नाहीत. त्यांनी त्याचं तोंडही बघितलेलं नाही. शनिवारी पाचला त्या माझ्या हाताकडे बघतात. मी स्वतःला मजुरांच्या रांगेत उभं केलं तर मला बरं वाटेल, त्यांना काय मिळेल? याकोब मला धनी म्हणून बोलला तर बोलू दे. मी तासाला पाच-दहा किलो निवडणारी बाई आहे, पण त्या खोलीत मी धनीच आहे.

अनुवाद २४ मात्र मनात बसलं. त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो, हे. माझी एक बाई शनिवारी सकाळपासूनच दाराकडे बघत निवडते, तिच्या पाटीत काड्या राहतात. मी तिला त्यावरून बोलायची.

तर काय झालं ते लिहिते. सिस्टरांकडून उसने घेतले (त्यांनी पावती लिहून मागितली, सही घेतली, मला आवडलं). थोडे नवऱ्याच्या आरडीतून काढले. तो आधी फुगला, मग स्वतःच बँकेत गेला. मागची सगळी बाकी शनिवारी चुकती केली. व्यापाऱ्याला हिशेबनीस दादांचं कलम ४३ब सांगितलं, तो गप्प झाला आणि पहिल्यांदाच तारीख दिली. दिली म्हणजे पाळेल असं नाही, पण "सोमवारी" पेक्षा बरी.

पैसे देताना मी बायकांना ते वचन सांगितलं. नऊजणींत आपली कुणीच नाही. धनगराच्या आहेत, दोघी मुसलमान, एक लिंगायत, बाकी मराठा. प्रचार वगैरे काही नव्हता, सहज बोलून गेले, की आमच्या पुस्तकात लिहिलंय, मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची. सगळ्यात वयस्कर जी आहे ती म्हणाली, "आन् तुमी हे आत्ता सांगताय व्हय?"

आता दर शनिवारी साडेचार वाजले की कुणीतरी खिडकीतून बाहेर बघून म्हणतं, "बाई, ऊन कलायलंय हां." आणि सगळ्या हसतात. मीही हसते, पण हात गल्ल्याकडे जातो. वचन आता माझ्या एकटीकडे राहिलेलं नाही, ही चांगली गोष्ट की वाईट, ते पुढच्या हंगामात कळेल.

रात्री दोनची जाग अजून येते. पाखरांचं वचन मी अजून बाजूलाच ठेवलंय, नणंदेला तसं कळवलंय. तिने उत्तरात हात जोडलेली चित्रं पाठवली.

---

निवृत्त सिस्टर (मिरज)

दोनची जाग वयाचीही असते बाळ, सगळंच देवावर घालू नकोस. साखर आणि बीपी तपासून घे. आणि पावतीवर परतीचा महिना लिहायला विसरलीस, मी फेब्रुवारी घातलाय.

---

हिशेबनीस (तासगाव)

तारीख दिली आहे ना, मग आजच व्हॉट्सॲपवर त्याला लिहा, "आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे अमुक तारखेला रक्कम मिळेल". निळ्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि जाता जाता विचारतो, निवडायला अजून बायका लागतात का? माझी भावजय मिरजेतच असते, हात साफ आहे. फक्त मजुरी शनिवारी उन्हातच मिळते का ते आधी विचार म्हणाली.